रिकाम्या नवऱ्यांसाठी एक राजवट

कोणत्याही राष्ट्राचा पाया म्हणजे कुटुंब, आणि कुटुंबाचा पाया म्हणजे नवरा दिवसभर घराबाहेर असणे. यातलं पहिलं विधान सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं. दुसरं कोणी छापत नाही, म्हणून मंदीच्या काळातच हुकूमशहा का उगवतात हे विद्वानांना जाडजाड ग्रंथ लिहूनही उलगडत नाही. फोरमनीणबाईंना ते एका सकाळी शेगडीपाशी उभ्या असताना उलगडलं.

फोरमनीणबाई म्हणजे झाकणांच्या कारखान्यातल्या फोरमनची बायको. गावात एकच कारखाना, त्यात बाटल्यांची झाकणं बनत. मंदी आली तशी लोकांनी बाटलीतल्या वस्तू घेणं सोडलं, आणि ज्याच्याकडे बाटली नाही त्याला झाकण लागत नाही, एवढ्या साध्या हिशेबावर कारखाना बंद पडला. मालक हवापालटासाठी परदेशी गेले. (त्यांना इथली हवा मानवत नव्हती. कामगारांना मानवत असावी, कारण ते इथेच राहिले.)

फोरमन वाईट माणूस नव्हता. दारू नाही, जुगार नाही, आवाज चढवणं नाही. पण हाताखालची माणसं कामावर ठेवण्यात त्याची हयात गेली होती, आणि आता हाताखाली एक बायको तेवढी उरली होती. तो सकाळी तिच्या मागे येऊन उभा राही, हात पाठीशी बांधी आणि म्हणे, "हं. चालू दे."

ती कांदा चिरी. तो म्हणे, "कांदा जाड होतोय."

ती झाडू मारी. तो म्हणे, "आधी तो कोपरा, मग हा. उलट्या बाजूने घेतेस म्हणून वेळ जातो."

तिसऱ्या आठवड्यात त्याने स्वयंपाकघराची फेररचना केली. डबे उंचीप्रमाणे लागले. त्यामुळे चहा आणि साबणाचा भुगा शेजारी आले, कारण उंचीच्या बाबतीत दोघांत काही फरक नव्हता. तो चहा दोघांनी मुकाट्याने प्यायला. त्या दिवशी फोरमनीणबाई नळावर गेल्या तेव्हा कळलं की आळीत घरोघरी मातीच्याच चुली. यंत्र दुरुस्त करणाऱ्याने घरातलं शिवणयंत्र सुधारण्यासाठी उघडलं होतं आणि ते आता एका परातीत होतं. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, विद्यार्थ्यांना फी परवडेना म्हणून घरी बसले होते आणि बायको भांडी घासत असताना तिला भांडी घासण्याची कारणमीमांसा सांगत होते. जाणकारांच्या अंदाजानुसार गावातली शंभरातली पंचाण्णव भांडणं कामाच्या वेळेत होत होती. उरलेली पाच जेवणाच्या सुट्टीत.

"मेले असते तर निदान रडता तरी आलं असतं," प्राध्यापकांच्या पत्नी म्हणाल्या. त्या सुशिक्षित असल्याने स्पष्ट बोलत.

पुढे झालेल्या सगळ्याचं मूळ बटाट्यांच्या रांगेत आहे. त्या रांगेत फोरमनीणबाईंच्या पुढे भोंगेवाला उभा होता. कारखान्याच्या फाटकाशी एक खोली होती, खोलीत एक कळ होती, आणि ती दाबली की छपरावरचा कर्णा साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आयुष्यभर ती कळ दाबणं एवढंच त्याचं काम. एकटा जीव, किडकिडीत, इस्त्रीचा सदरा, नमस्कार करताना कमरेत वाकणारा. त्याच्याकडे पाहून कोणाला भीती वाटली असती तर ती एवढीच, की हा माणूस आता रडतो की काय.

"अहो भोंगेवाले," फोरमनीणबाई म्हणाल्या, "तुमचा भोंगा अजून वाजतो का हो?"

"वाजायला हरकत नाही, वहिनी. तो नगरपालिकेच्या दिव्यांच्या तारेवर आहे. मालकांनी काटकसर केली होती."

"मग एकदा वाजवा की! निदान आमचे हे घराबाहेर तरी पडतील."

भोंगेवाला घाबरला. "कोणाच्या हुकमाने वाजवू?"

फोरमनीणबाईंच्या पिशवीत चार बटाटे पडले होते आणि घरी जाऊन ते सोलताना कोणीतरी मागे उभं राहणार होतं. "माझ्या हुकमाने वाजवा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. फोरमन झोपेतच उठून बसला. डोळे पुरते उघडायच्या आत त्याने दाढी केली, कपडे चढवले आणि दाराशी येऊन डब्यासाठी हात पुढे केला. फोरमनीणबाईंनी डबा तयारच ठेवला होता. कारखाना बंद आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनीही त्याचा उच्चार केला नाही. सुखी संसार याहून वेगळा नसतो.

रस्त्यावर गावातले सगळे पुरुष होते. फाटकाला कुलूप होतं, ते त्याच्यापुढे उभे राहिले. दुपारी डबे खाल्ले. संध्याकाळचा भोंगा झाला तसे घरी परतले.

"काय केलंत आज?" फोरमनीणबाईंनी विचारलं.

"उभे होतो."

"दमलात?"

"मरणाचा," फोरमन म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी ओठांवर हसू घेऊन झोपला.

अशा रीतीने नव्या राजवटीचा पहिला दिवस पार पडला. त्यात कोणावर अन्याय झाला नाही, रक्त सांडलं नाही, आणि बायकांनी निवांतपणे कांदे हवे तसे चिरले.

गर्दीचं एक असतं. ती उभी राहिली की थोड्या वेळाने कोणाकडे तरी पाहू लागते. फाटकाशी पाहण्यासारखा भोंगेवाला एकटाच होता. लोक पाहत पाहत जवळ आले, इतके की त्याला श्वास घेता येईना. तेव्हा तो घाबरून स्टुलावर चढला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडला, "रांगेत उभे राहा!"

लोक रांगेत उभे राहिले. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने त्यांना कोणी काही करायला सांगितलं नव्हतं.

तिथून पुढे सगळं सुरळीत होत गेलं. रांगांना प्रमुख नेमले, प्रमुखांना उपप्रमुख. गोदामात पडून राहिलेली झाकणं छातीवर लावायला मिळाली, पदाप्रमाणे एक, दोन किंवा तीन. फोरमनला दोन झाकणं मिळाली आणि तो उप-रांगप्रमुख झाला. फोरमनीणबाई रोज रात्री ती चिंचेने घासून लखलखीत करत. (अभिमान वाटायला पगारच लागतो असं नाही. कित्येकदा पगारामुळे अडथळा येतो.) पुरुषांनी पूर्वेकडच्या भिंतीजवळचे दगड पश्चिमेकडच्या भिंतीजवळ नेले, आणि ते काम संपलं तेव्हा परत आणले. प्राध्यापकही एका रांगेत होते. त्यांनी सिद्ध केलं की कारखान्याचं उत्पादन पूर्वी शून्य होतं आणि आताही शून्य आहे, पण आताचं शून्य वेळेवर होतं. या शोधाबद्दल त्यांना तिसरं झाकण मिळालं.

नगराध्यक्षांना लोक विचारत असत की कामधंद्याचं काय, आणि त्यांच्याकडे उत्तर नसे. त्यांनी भोंगेवाल्याला कचेरीत बोलावून खुर्ची दिली. "गरीब गाय आहे," ते मित्रांना म्हणाले, "आपल्या मुठीत राहील." पंधरा दिवसांत नगराध्यक्ष डाव्या रांगेत मागून चौथे उभे होते. त्यांना झाकण नव्हतं.

एकदा मात्र बाका प्रसंग आला. रांगेतून कोणीतरी विचारलं, "भोंगेसाहेब, आम्ही रोज वेळेवर येतो. मग कारखाना का सुरू होत नाही?"

साहेब (एव्हाना ते साहेब झाले होते) वक्ते नव्हते. त्यांनी बराच वेळ विचार केला. फाटकाशी आयुष्य काढलेल्या माणसाला जे एकच पाप ठाऊक असतं, ते त्यांना आठवलं. ते हळूच म्हणाले, "कोणीतरी उशिरा येतंय."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळे हजर होते. याचा अर्थ उशिरा येणारा इथे नव्हता. याचा अर्थ तो अजून झोपलेला होता. मंदी का आली, हे गावाला अखेर समजलं. समजल्यावर किती मोकळं वाटतं!

गावात दिवसा झोपणारा एकच माणूस होता, आणि तो फोरमनीणबाईंचा धाकटा भाऊ होता.

हा भाऊ पाववाला. रात्रभर भट्टीपाशी राबायचं, उजाडता पाव विकायचे आणि मग पिठाच्या पोत्यांवर आडवं व्हायचं, हा त्याचा नेम. मंदीतही लोक पाव खात, किंबहुना पावच खात, त्यामुळे गावात काम असलेला पुरुष तो एकटाच. राजकारणाचं त्याला वावडं होतं. भोंग्याला त्याचा विरोध होता तो झोपमोड होते म्हणून. तेवढ्यावर त्याला विरोधी पक्ष म्हणावं लागतं, कारण दुसरा कोणी नव्हता.

तो बहिणीकडे आला तेव्हा डोळे लालबुंद होते. "ताई, डोळा लागतो न लागतो तोच तो बोंबलतो. काल मी मीठ घालायचं विसरलो. साहेबांना सांग ना, जरा हळू वाजवा म्हणावं. तुझं ऐकतील."

फोरमनीणबाई कचेरीत गेल्या. साहेब उठून उभे राहिले, वाकून नमस्कार केला, स्वतः खुर्ची पुढे केली.

"वहिनी, चालू करायचा हुकूम तुमचाच होता, मी विसरलेलो नाही. पण बंद करायचा हुकूम आता कोणी देऊ शकत नाही. मीसुद्धा नाही." त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मागच्या महिन्यात मला ताप होता. भोंग्याला उशीर झाला. सगळे घरी आले आणि माझ्या पलंगाभोवती उभे राहिले. कोणी काही बोललं नाही हो. नुसते उभे राहिले. मी तशा तापात उठलो."

"मग आता?"

"आता तुमच्या भावाला सांगा, दिवसा झोपू नका."

निरोप ऐकून पाववाला हसला. दोन दिवसांनी, उजाडायच्या सुमारास, तो बहिणीच्या मागच्या दाराशी आला. कोपरापर्यंत हात पांढरे होते.

"ताई, कर्ण्यात मळलेलं पीठ कोंबून आलोय. चांगलं फुगणारं. आता त्याचा बाप आला तरी आवाज निघायचा नाही."

"अरे, वेडा की खुळा तू! पकडतील ना!"

"कोण बघतंय? सगळे भोंग्याची वाट बघत पडलेत. तू फक्त दोन दिवस कळ काढ. दोन दिवस नाही वाजला की लोक विसरतील. आपापले उठायला लागतील." आणि लहानपणी मागायचा तशा स्वरात म्हणाला, "काढशील ना?"

"काढीन," फोरमनीणबाई म्हणाल्या. त्यांनी त्याचे हात घंगाळात बुडवून स्वतः धुतले. त्या क्षणी त्या मनापासून बोलत होत्या, हे इथे नमूद करणं न्यायाचं होईल.

त्या सकाळी भोंग्याने फक्त "फुस्स" केलं. गाव अंथरुणात राहिलं. फोरमन डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत पडला होता.

"अगं, उठू का?"

"उठायचं तर उठा."

"तसं नाही. भोंगा झाला का?"

"नाही झाला."

"मग कसा उठू?"

उन्हं वर आल्यावर नाइलाजाने तो उठला आणि स्वयंपाकघरात येऊन तिच्या मागे उभा राहिला. बरेच दिवस साचलेलं होतं. भाजी आधी धुवायची की आधी चिरायची, यावर त्याने मत दिलं. पातेली पालथी का घालू नयेत, हे सांगितलं. उपप्रमुख झाल्यापासून त्याच्या बोलण्यात वजन आलं होतं, त्यामुळे पूर्वी जे दोन वाक्यांत भागे त्याला आता परिच्छेद लागे. मग त्याने तिची लग्नात आणलेली पेटी उघडली, आतले कपडे जमिनीवर काढले, आणि "वापरात असलेले" व "नसलेले" असे दोन ढीग करू लागला. तिच्या आईचं लुगडं त्याने दुसऱ्या ढिगात टाकलं.

दुपार व्हायला आली होती. दोन दिवसांपैकी अर्धा दिवस संपला होता.

"अहो," फोरमनीणबाई म्हणाल्या, "भोंग्यात काही अडकलंय का, बघून या तरी."

तो गेला. ती लुगड्याची घडी घालत बसली. घडी काही केल्या नीट बसेना.

फोरमन परतला तो उड्या मारतच. "सापडलं! पीठ! मळलेलं पीठ होतं. सांग बघू, अख्ख्या गावात एवढं मळलेलं पीठ कोणाकडे असतं?" त्याने ते कोड्यासारखं विचारलं. बायकोने लुगडं पेटीत ठेवलं. आणि मग त्याचं हसू हळूहळू गेलं, कारण उत्तर त्याच्याही नात्यातलं होतं. पण एव्हाना छपरावर तिघेजण चढून पीठ खरवडत होते आणि त्यांनाही ते कोडं सुटलं होतं.

अटक करायला तोच गेला. दुसरं कोणी गेलं तर मारतील, असं त्याला वाटलं. हे त्याचं चांगुलपण होतं, आणि राजवटी अशाच चांगुलपणावर चालतात. पाववाला पोत्यांवर गाढ झोपला होता. फोरमन थोडा वेळ थांबला. मग खांद्याला हात लावून म्हणाला, "मेहुणे, उठा. अटक करायची आहे."

"संध्याकाळी करा हो भावोजी."

"संध्याकाळी आम्हाला सुट्टी होते."

खटला सर्वांसमक्ष चालला. आरोप झोपेचा होता आणि आरोपीने तो डुलक्या घेऊन मान्य केला. त्याला कचेरीखालच्या तळघरात ठेवलं. दुसऱ्या दिवशी गावात पाव नव्हता. साहेबांनी जाहीर केलं की पाव नसणं हाच कटाचा पुरावा आहे, आणि उपाशीपोटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. भुकेल्या माणसाला टाळी सोपी जाते, कारण हात रिकामे असतात.

फोरमनीणबाई तळघरात डबा घेऊन गेल्या. भाऊ टवटवीत दिसत होता. "भिंती जाड आहेत ताई, आवाजच येत नाही. चार दिवस नुसता झोपलोय." त्याने उकडलेला बटाटा मोडला आणि मग वर न पाहता विचारलं, "एवढ्या लवकर कसं गं कळलं त्यांना? कोणी सांगितलं?"

"कोणास ठाऊक," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या घोंगडीवरचे नसलेले केर वेचत राहिल्या.

दगड इकडून तिकडे नेऊन पोट भरत नाही, ही गोष्ट हिवाळ्यापर्यंत सर्वांच्या लक्षात आली. तेव्हा साहेबांनी भोंगा एका ढकलगाडीवर चढवला आणि सगळ्या रांगा शेजारच्या गावाकडे वळवल्या, कारण तिथे बाटल्या असल्याचं ऐकिवात होतं. पाववाल्यालाही सैन्याच्या भट्टीसाठी बाहेर काढून बरोबर नेलं. गावातल्या बायकांची मूळ तक्रार आता पूर्णपणे दूर झाली. नवरे रात्रीही घरी येईनासे झाले.

शेजारच्या गावातही मंदीच होती. तिथेही एक साहेब होते, आणि त्यांच्याकडे घंटा होती.

या मोहिमेचं वर्णन इथे करत नाही. बरेच जण परत आले नाहीत. साहेब कुठे गेले ते कळलं नाही. कोणी म्हणतं, ढकलगाडी सोडून पळताना आपलीच माणसं त्यांच्याभोवती येऊन उभी राहिली. फोरमन आला. तो दिवसभर खिडकीपाशी बसतो. फोरमनीणबाई स्वयंपाक करतात, तो मागे येऊन उभा राहत नाही. त्या स्वतःहून विचारतात, "अहो, माझं आज काही चुकलं का?" तो म्हणतो, "नाही." त्या पुन्हा विचारतात. तो म्हणतो, "नाही गं." मग त्या नळ सोडतात आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतात.

यथावकाश चौकशी समिती नेमली गेली. हे सगळं कोणाच्या पाठिंब्याने झालं, एवढंच तिला शोधायचं होतं. गावातल्या प्रत्येकाला बोलावलं. नगराध्यक्ष विरोधात होते. मागून चौथं उभं राहणं हा त्यांचा निषेधच होता. प्राध्यापक विरोधात होते. त्यांनी तिसरं झाकण नेहमी किंचित तिरकं लावलं होतं. फोरमनीणबाई म्हणाल्या, "माझा सख्खा भाऊ तळघरात होता, मी आणखी काय सांगू?" समितीतल्या दोघांनी डोळे पुसले. विरोधकांना प्रशस्तिपत्रं देण्याचं ठरलं होतं, ती सर्वांना पुरली. पाववाला लंगडत पोचला तेव्हा संपली होती. शिवाय त्याने खरं तेच सांगितलं, की त्याला फक्त झोप हवी होती, त्यामुळे त्याचा विरोध तत्त्वाचा धरता आला नाही. बहिणीने आपलं प्रशस्तिपत्र त्याच्यापुढे केलं. त्याने ते तसंच तिच्या हातात मिटलं आणि म्हणाला, "राहू दे ताई. मला कळलं होतं तळघरातच."

समितीचा निष्कर्ष तर्काला धरून आहे. गावातला एकूण एक माणूस विरोधात होता. पण पाठिंब्याशिवाय राजवट येत नाही. म्हणजे पाठिंबा देणारे गावाबाहेरचे असले पाहिजेत. ज्यांना समितीने काही विचारलंच नाही असे. ज्यांना ही हकीकत मागाहून, बसल्या जागी, वाचायला मिळाली, ज्यांना मध्येमध्ये हसू आलं, आणि आपण तिथे असतो तर असं होऊ दिलं नसतं, अशी ज्यांची खात्री आहे असे. त्यांचा शोध चालू आहे.

कोणी घाबरून जाऊ नये. आहात तिथेच बसून राहावं. उठायचं केव्हा, ते कळवलं जाईल.